मंडळाने ‘होय’ लिहिले होते : कोरेगाव तालुक्यातील एका निवृत्त हवालदाराचे सेवा-अभिलेख आणि डिसॅबिलिटी पेन्शन

या प्रकरणातील अर्जदार सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील असून १९७५ साली भूदलात भरती झाले आणि १९९९ साली हवालदार पदावरून, ठरलेला सेवाकाल पुरा करून घरी आले. ओळख पटेल असे तपशील, त्यांच्या कोअरचे नाव आणि कागद ज्या कार्यालयांतून फिरले त्यांची नावे येथे मुद्दाम वगळली आहेत. सेवेचे पेन्शन त्यांना सुरुवातीपासून मिळत आहे. प्रश्न होता तो डिसॅबिलिटी एलिमेंटचा, म्हणजे सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या आजारापोटी सेवा-पेन्शनच्या वर मिळणाऱ्या रकमेचा. हा दावा नामंजूर झाल्याचे अगदी त्रोटक पत्र त्यांना २००० साली आले. सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, असे त्यात शेवटी लिहिले होते. ते पत्र घडी घालून डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवेतून मुक्त होताना मिळालेल्या नोंदवहीत, ठेवले गेले आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले.

अपील न करण्यामागे आळस नव्हता. ‘सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मते आपला आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असे पत्रात म्हटले होते. हा सक्षम अधिकारी म्हणजे निवृत्तीच्या वेळी आपल्याला तपासणारे मेडिकल बोर्डच (वैद्यकीय मंडळ), असे अर्जदारांनी धरले, आणि तसे धरणे स्वाभाविकही होते. “डॉक्टरांनीच नाही म्हटलं, तर भांडायचं कुणाशी?” असे ते मुलाला सांगत. माजी सैनिकांची कागदपत्रे लावून देण्याच्या कामात हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. या एका प्रकरणात ते चुकीचे असल्याचे कागदाने सिद्ध झाले, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आजार आणि नियम

अर्जदारांना उच्च रक्तदाबाचा त्रास १९९३ साली, जम्मू-काश्मीरमधील फील्ड पोस्टिंगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेच्या भागातील नेमणुकीवर असताना प्रथम आढळला. लष्करी रुग्णालयात दाखल करून उपचार झाले आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांची वैद्यकीय कॅटेगरी ‘ए’ (AYE) वरून खाली आणून पुढे ‘सी’ (CEE) परमनंट करण्यात आली. आज याच गोष्टी ‘शेप’ पद्धतीने लिहिल्या जातात, त्यामुळे जुन्या डिस्चार्ज बुकातील ही अक्षरे पाहून घरातली तरुण मंडळी गोंधळतात. पुढची सहा वर्षे ते त्याच कॅटेगरीत नोकरी करत राहिले. १९९९ साली निवृत्तीपूर्वी रिलीज मेडिकल बोर्ड झाले आणि त्याचा निष्कर्ष काय होता हे त्यांना तेव्हा कोणी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

भूदलाच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतील नियम १७३ हा आजारामुळे सेवेतून कमी केलेल्या जवानांसाठी आहे, तर नियम १७९ हा सेवाकाल पुरा करूनही अंगावर आजार घेऊन निवृत्त झालेल्यांसाठी आहे. अर्जदार दुसऱ्या गटातले. दोन्ही ठिकाणी मुख्य अट एकच आहे : अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असावे. आजाराचा सेवेशी संबंध कसा ठरवायचा, हे त्या काळासाठी १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समध्ये सांगितले आहे. या नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, भरतीच्या वेळच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी अवस्थेत सेवेत आला असे धरले पाहिजे आणि आजार सेवेशी जोडलेला आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. त्यामुळे भरतीच्या वेळचा कागद आणि निवृत्तीच्या वेळचा कागद, ही अशा दाव्याची दोन टोके ठरतात. मधली पाने उपयोगी असतात, पण दावा उभा राहतो तो या दोन टोकांवर.

कोणाकडे, कोणी आणि काय मागायचे

सातारा जिल्ह्यात ‘रेकॉर्ड म्हणजे बेळगाव’, म्हणजे जवानांचे सेवा-अभिलेख ठेवणारे कार्यालय बेळगावलाच, असा सरसकट समज आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांपुरता तो बरोबर आहे. पण तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) गेलेल्यांचे केरळात कण्णूरला आहे. पत्र कोठे पाठवायचे ते डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावरून ठरवावे, शेजारच्या सुभेदारांच्या अनुभवावरून ठरवू नये. अर्जदारांचे रेकॉर्ड ऑफिस महाराष्ट्राबाहेर होते.

पहिला अर्ज २०२२ साली मुलाने माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःच्या नावाने केला आणि त्यात ‘माझ्या वडिलांची संपूर्ण सर्व्हिस फाइल मिळावी’ एवढेच लिहिले. उत्तर आले की ही त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) प्रमाणे देता येत नाही. उत्तर वाचून घरात संताप झाला, कारण वडील हयात होते आणि अर्ज त्यांच्याच सांगण्यावरून केला होता. पण नियमाच्या दृष्टीने हरकत चूक नव्हती. मुलगा कागदोपत्री त्रयस्थच असतो. माजी सैनिक हयात असेल तर अर्जदार म्हणून त्याचेच नाव आणि त्याचीच सही हवी, मजकूर कोणी का लिहिलेला असेना. सहीसुद्धा सेवेत असताना केली जात होती तशीच हवी. अर्जदार हल्ली बँकेत इंग्रजीत सही करत, तर डिस्चार्ज बुकात त्यांची देवनागरी सही होती. नव्या अर्जावर ती जुनी सही केली गेली आणि सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार व डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची प्रत लावली.

दरम्यान बापलेक साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कल्याण संघटकांना भेटले होते. संघटक स्वतः निवृत्त जेसीओ (सुभेदार वगैरे दर्जाचे अधिकारी). त्यांनी डिस्चार्ज बुक उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “हवालदारसाहेब, सगळी फाइल द्या असं लिहू नका. सोळा नंबरचा फॉर्म मागा. आणि तो फॉर्म ज्या पत्राबरोबर पुढं गेला, ते पत्रही मागा.” सोळा नंबरचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६, रिलीज मेडिकल बोर्डाचा अहवाल. या सल्ल्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा होता, हे पुढे कळले.

दुसऱ्या अर्जात प्रत्येक कागद त्याच्या नावाने मागितला गेला. एएफएमएसएफ-१६ ची सर्व पाने, मंडळाच्या मताच्या पानासह. दावा पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे पाठवतानाचे पत्र आणि तिकडून परत आलेले नामंजुरीचे पत्र, त्यावरील वैद्यकीय सल्लागाराच्या शेऱ्यासह. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म. १९९३ साली कॅटेगरी खाली आणणाऱ्या मंडळाचा अहवाल, म्हणजे एएफएमएसएफ-१५. शीट रोलमधील, म्हणजे सेवा-नोंदींच्या पत्रकातील, पोस्टिंगची पाने, ज्यांवरून कोणते वर्ष फील्डमध्ये आणि कोणते पीस स्टेशनवर (शांत ठिकाणच्या छावणीत) गेले हे दिसते. शेवटी एक ओळ अशी जोडली की, यांपैकी एखादा कागद फायलीत नसेल तर तसे लेखी कळवावे आणि तो नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी. माझ्या मते संपूर्ण अर्जातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले वाक्य हेच होते.

अर्जाचे शुल्क १० रुपये. ते पोस्टल ऑर्डरने भरले. कायद्याने अर्ज जेथून केला जातो तेथील राजभाषेतही करता येतो, पण कागद परराज्यातील कारकुनाच्या टेबलावर जाणार होता, त्यामुळे मुलाने तो हिंदीत लिहिला, आणि हे शहाणपणाचे झाले. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. या प्रकरणात अपिलाची वेळ आली नाही. पानामागे २ रुपयांप्रमाणे प्रतींचे पैसे मागवणारे पत्र आले, पैसे गेले आणि प्रमाणित प्रती आल्या.

आलेली पाने

एएफएमएसएफ-१६ ची प्रत मूळ कार्बन कॉपीवरून काढलेली असल्यामुळे बरीच फिकी होती. मुलाने मंडळाच्या मताचे पान खिडकीत उजेडाला धरून वाचले. मजकूर टाइप केलेला, उत्तरे हाताने लिहिलेली. प्रत्येक आजारासमोर तीन प्रश्न असतात : आजार सेवेमुळे उद्भवला आहे काय, सेवेमुळे वाढला आहे व अजून तसाच आहे काय, आणि सेवेशी त्याचा संबंध नाही काय. पहिल्यापुढे ‘नाही’ होते. दुसऱ्यापुढे ‘होय’ होते. तिसऱ्यापुढे पुन्हा ‘नाही’. खाली कारण म्हणून फील्ड सेवेतील ताणाचा उल्लेख, अपंगत्वाचे प्रमाण ३० टक्के, कालावधी दोन वर्षे, मंडळाच्या अध्यक्षांची व दोन सदस्यांची सही आणि वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याची मंजुरी.

म्हणजे ज्या डॉक्टरांनी अर्जदारांना तपासले होते, त्यांनी नकार दिलाच नव्हता. नकार कोठून आला, ते कल्याण संघटकांनी मागायला सांगितलेल्या दुसऱ्या पत्रात होते. लेखा कार्यालयातील वैद्यकीय सल्लागाराने, आजार शरीरप्रकृतीशी संबंधित असून सेवेशी निगडित नाही, एवढा शेरा मारून मंडळाचे मत बाजूला ठेवले होते. त्या सल्लागाराने अर्जदारांना कधी पाहिले नव्हते. हा शेरा अर्जदारांपर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचले ते त्याचे सार सांगणारे त्रोटक पत्र, आणि त्यातील ‘सक्षम वैद्यकीय अधिकारी’ या मोघम उल्लेखामुळे एक माणूस आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांविषयी इतकी वर्षे चुकीचे मत बाळगून राहिला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक टोचणारी गोष्ट हीच आहे. दावा नाकारण्याचा अधिकार वापरताना, तो कोणी आणि कशाच्या आधारावर वापरला हे जवानाला सांगणे अवघड नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने या दोन पानांची किंमत फार मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली, म्हणजे अर्जदारांचा दावा नाकारला जाण्याच्या कितीतरी आधी, माजी सॅपर मोहिंदर सिंह यांच्या प्रकरणात म्हटले होते की, जवानाची प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या मंडळाचे मत पेन्शन मंजूर करणाऱ्या यंत्रणेला नव्या मंडळाशिवाय, निव्वळ कागद पाहून फिरवता येत नाही. हा मुद्दा मांडायचा तर मंडळाचे मत आणि ते फिरवणारा शेरा, दोन्ही हातात हवेत. एकच पान आले असते तर दावा लंगडा राहिला असता.

मागितलेले सगळे मात्र मिळाले नाही. भरतीच्या वेळच्या तपासणीचा फॉर्म आणि १९९३ चा मंडळाचा अहवाल ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, आणि नष्ट केल्याची नोंदही सापडत नसल्याचे त्यातच लिहिलेले होते. घरच्यांना हे मोठे नुकसान वाटले. मला तसे वाटले नाही. भरतीच्या वेळी आजार होता अशी नोंद दाखवण्याची गरज सरकारी बाजूला आहे, जवानाला नाही, आणि ती नोंद आपल्याकडे नसल्याचे त्या बाजूनेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिले होते. हे उत्तर दाव्याला परिशिष्ट म्हणून जोडले गेले. १९९३ च्या अहवालाची उणीव शीट रोलने बरीचशी भरून काढली, कारण कॅटेगरी बदलल्याची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतील बदल जाहीर करणारा आदेश) आणि तिची तारीख तेथे उतरवलेली होती व ती तारीख फील्ड पोस्टिंगच्या काळातच पडत होती.

येथे एक वेगळी सूचना. अर्जदार पेन्शनर असल्यामुळे त्यांची फाइल शिल्लक होती. पेन्शन न घेता लवकर बाहेर पडलेल्या जवानांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट करण्याची तरतूद आहे, आणि मग हाती राहतो तो फक्त लाँग रोलमधील, म्हणजे जवानांच्या कायम यादीतील, नोंदीचा उतारा. अशा घरांनी अर्ज उद्यावर टाकू नये.

दोन वर्षांची अट आणि पुढची वाट

कागद मिळाल्यावर दावा सरळ झाला असे नाही. मंडळाने ३० टक्के प्रमाण ‘दोन वर्षांसाठी’ लिहिले होते. त्या काळी ही नेहमीची पद्धत होती. मुदत संपली की पुनर्तपासणी मंडळ बसे आणि पुढचे प्रमाण ठरवी. अर्जदारांचा दावाच नामंजूर झाल्यामुळे त्यांना पुनर्तपासणीला कोणी बोलावले नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंह निकालामुळे अडचण वाढते. पेन्शनसारख्या दरमहा चालू राहणाऱ्या अन्यायात उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, असे तो निकाल सांगतो, पण थकबाकी सामान्यतः दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असेही सांगतो. १९९९ पासूनची दोन वर्षे या तीन वर्षांच्या कितीतरी मागे पडतात. म्हणून आजवरचा हक्क शाबीत झाला तरी प्रत्यक्ष पैसे मिळणे हे आता पुनर्तपासणी होण्यावर आणि त्यात आजार आजही किती आहे हे दिसण्यावर अवलंबून आहे.

यामुळे कागदांची आणखी एक जुळणी करावी लागली, जी सुरुवातीला कोणाच्याच मनात नव्हती. निवृत्तीनंतरच्या उपचारांचे सलग पुरावे हवे होते. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ साली सुरू झाली आणि अर्जदार नंतर साताऱ्याच्या पॉलिक्लिनिकमधून रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेत आले आहेत. तेथील औषधांच्या नोंदी काढता आल्या. त्याआधीच्या वर्षांसाठी मात्र कोरेगावातील एका खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्याच होत्या. अर्जदारांच्या पत्नीने त्या एका पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्ड आणि सातबाराच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवल्या होत्या. काहींची शाई उडाली होती, पण तारखा वाचता येत होत्या.

रकमेविषयी थोडेसे. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्याहून कमी असल्यास त्या प्रमाणात, असा डिसॅबिलिटी एलिमेंटचा हिशेब आहे. ५० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण असल्यास ते ५० टक्के धरावे, असे संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात असून त्याचा लाभ १ जानेवारी १९९६ पासून आहे. सुरुवातीला तो आजारामुळे काढलेल्यांनाच दिला जाई. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने सेवाकाल पुरा केलेल्यांनाही तो मिळाला. म्हणून अर्जदारांचे ३० टक्के पुनर्तपासणीत टिकले तर ते ५० टक्के धरले जातील आणि एलिमेंट अखेरच्या वेतनाच्या १५ टक्क्यांवर जाईल.

सर्व प्रती जोडून प्रथम रेकॉर्ड ऑफिसकडे फेरविचाराची विनंती केली गेली. अपिलाची मुदत २००० सालीच संपल्याचे कळवून ती परत आली. हे अपेक्षित होते, आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी असे अंतिम उत्तर हाती असणे सोयीचेही होते. न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे मूळ अर्ज आणि विलंब माफीचा अर्ज असे दोन्ही दाखल झाले. विलंबाचे कारण लिहिताना वकिलांनी गरिबी किंवा अज्ञान असे ठरावीक शब्द टाळले आणि २००० चे पत्र व मंडळाच्या मताचे पान शेजारी शेजारी ठेवून, अर्जदारांची समजूत कशी झाली एवढेच सांगितले. विलंब माफ झाला आहे. मूळ अर्जात मंडळाचे मत कायम करावे आणि पुनर्तपासणी मंडळ बसवावे, अशा दोनच मागण्या आहेत आणि त्यावर सुनावणी व्हायची आहे.

शीट रोलच्या प्रतीतून एक गोष्ट अनपेक्षितपणे समोर आली. विवाहाची पार्ट टू ऑर्डर १९८१ साली निघाली, तेव्हा पत्नीचे माहेरचे नाव लिहिले गेले होते. आधार, बँक आणि ‘स्पर्श’ ही संरक्षण पेन्शनची ऑनलाइन प्रणाली यांत सासरचे नाव आहे. आज याने काही अडत नाही. पण अर्जदारांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करायची वेळ आली, तर नाव जुळत नाही म्हणून त्या बाईंनाच एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरावे लागेल, आणि सही करायला पती नसतील. त्यामुळे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि आधारची प्रत जोडून, अर्जदारांच्या सहीचा नावदुरुस्तीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला स्वतंत्रपणे पाठवला. पेन्शनच्या दाव्याशी तो जाणूनबुजून जोडला नाही, कारण एका अर्जाची अडचण दुसऱ्याला लागू नये. दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली असून तिची प्रत त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. ‘स्पर्श’वरील नाव त्याप्रमाणे जुळवून घेण्याचे काम चालू आहे.